नजर चेंडूवर नव्हती

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल कळतो का, असं विचारण्याचा आगाऊपणा कुणी करू नये. इथे पेठेपेठेत तालमी आहेत आणि हल्ली त्या तालमींत कुस्तीपेक्षा फुटबॉलवरून जास्त भांडणं होतात. रेफ्रीच्या घराण्याचा उद्धार करणं हा तर तिकिटातच धरलेला हक्क. म्हणून विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पेनल्टीचा निकाल द्यायला ‘तटस्थ’ नावाची यंत्रणा बसवली, तेव्हा सगळ्यात जास्त हळहळले ते प्रेक्षक. आता शिव्या द्यायच्या कुणाला? खांबाला?

पण दोन हंगामांत लोकांना तटस्थची सवय झाली. मग फेब्रुवारीतल्या फायनलला, रंकाळा कॉलेज विरुद्ध ज्योतिर्लिंग कॉलेज या सामन्यात, मैदानाच्या टोकाच्या मोठ्या पाटीवर लाल अक्षरं उमटली आणि भरलेलं स्टेडियम चिडीचूप झालं.

‘पेनल्टी. खेळाडू क्रमांक चार. सहेतुक.’

चार नंबरचा खेळाडू होता रंकाळा कॉलेजचा बचावपटू विश्वतेज सुतार. ज्याचं गुडघा धरून गवतावर लोळणं चाललं होतं, तो ज्योतिर्लिंगचा इंद्रजित सरनाईक. दोघं एकाच पेठेतले, एकाच रणभैरव तालमीतले, आणि पहिलीपासून एकाच बाकावरचे.

“खोटं हाय! मशीन खोटं बोलतंय!” विश्वा ओरडला. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सगळे पाटीकडे बघत होते.

‘सहेतुक’ म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नाहीतर विश्वाचं काय गेलं ते कळायचं नाही.

पाय लागला की नाही, हे कॅमेऱ्याला पूर्वीही दिसायचं. अडचण व्हायची ती पुढे. चेंडू घ्यायला गेला आणि पाय लागला, की पाय घालायलाच गेला? हे फक्त पाय घालणाऱ्याला ठाऊक, आणि तो काही सांगणार नाही. तटस्थ बनवणाऱ्यांनी यावर एक युक्ती काढली. माणसाचं तोंड खोटं बोलतं, पण अंगाला तेवढा वेळ मिळत नाही. पाय उचलण्याच्या आधी नजर लक्ष्यावर जाऊन बसते, मग खांदा वळतो, मग जमिनीवर टेकलेला पाय त्या दिशेला फिरतो, आणि सगळ्यात शेवटी लाथ बसते. डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात हे सगळं उरकतं. मैदानाभोवतीचे कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या सांध्यांवरून त्याचा सांगाडा आखतात, मान आणि डोळे कुठे वळले ते टिपतात, आणि तटस्थ तो क्रम उलटा वाचत जातो. लाथेपासून मागे, नजरेपर्यंत. नजर चेंडूवर होती की माणसावर?

आता काही खेळाडूंची खोडच असते माणसाकडे बघायची. म्हणून तटस्थ प्रत्येकाचे जुने सामने तपासून त्याची रीत शिकून घेतो आणि त्या रीतीशी ताडून बघतो. विश्वा बचावात नेहमी चेंडूवर नजर ठेवणारा. त्या दिवशी मात्र नजर माणसावर होती. पायाचा पुरावा अर्धामुर्धा होता, चेंडू आणि गुडघा एकाच रेषेत असल्यामुळे. निकाल लागला तो डोळ्यांवर.

आणि सहेतुकची शिक्षा साधी नव्हती. लाल कार्ड आणि तीन हंगामांची बंदी. म्हणजे कॉलेजचा फुटबॉल संपला. ज्या मुलाला फुटबॉलखेरीज दुसरं धड काही येत नाही, त्याला हे सांगणं म्हणजे घरी बस म्हणून सांगणं.

त्यातून इंद्रजितच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता. गोव्याच्या एका क्लबची माणसं खास त्याला बघायला आली होती. ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

विश्वाला इंद्रजितचा हेवा वाटायचा का? वाटायचा. सरळ सांगून टाकलेलं बरं. आणि तो काही कालपरवाचा नव्हता.

इंद्रजितचे वडील ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे पोरगा वाढला सुतारांच्या स्वयंपाकघरात. विश्वाचे वडील, आबा, एके काळचे तालमीचे गोलकीपर. फर्निचरचं दुकान बघता बघता त्यांनी दोन्ही पोरांना तालमीच्या मागच्या मोकळ्या जागेत खेळायला शिकवलं. आबांचे नियम कडक असत. त्यातला एक म्हणजे कुणाचीही तोंडावर स्तुती करायची नाही. त्याऐवजी आबा शिट्टी मारायचे. दोन बोटं तोंडात घालून अशी, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहावीत. उभ्या पेठेला ती शिट्टी माहीत होती. आणि पेठेला हेही माहीत होतं, की ती शिट्टी वाजते ती इंद्रजितसाठी.

विश्वासाठी ती कधी वाजली नव्हती. बचावपटूला कोण शिट्टी मारतो, असं तो स्वतःची समजूत घालायला म्हणायचा. ती समजूत काही पटायची नाही.

रविवारी घरात मटण शिजलं की नळी कुणाच्या ताटात पडायची? इंद्याच्या. “खा रं, धावायचं असतंय तुला,” आबा म्हणायचे. जणू काही विश्वा मैदानावर खाट टाकून झोपत होता. विश्वाची आई मग गुपचूप त्याच्या वाटीत रस्सा वाढायची, आणि त्यानं त्याला आणखी राग यायचा.

पुढे इंद्रजितला खेळाडू कोट्यातून ज्योतिर्लिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. विश्वाचं नाव तिथे थोडक्यात हुकलं, म्हणून तो रंकाळ्यात गेला. इंद्रजितनं पेढे आणले. पहिला पेढा विश्वाच्या तोंडात घातला आणि म्हणाला, “भावा, तू नसतास तर मी खेळायला शिकलोच नसतो. रोज तुला चुकवून चुकवून शिकलोय.” हे तो मनापासून बोलला. मनापासून बोलायचा, हेच तर विश्वाच्या डोळ्यांत खुपायचं. जरा चढेल असता, शिष्ट असता, तर त्याच्यावर जळायला निदान बरं वाटलं असतं.

फायनलमध्ये ही दोघं पहिल्यांदा अधिकृत सामन्यात समोरासमोर आली. तोवर तालमीकडून एकाच बाजूने खेळायची सवय.

शेवटची काही मिनिटं होती. बरोबरी. इंद्रजित चेंडू घेऊन डावीकडून सुटला, रंकाळ्याचे दोघं मागे पडले, आणि पेनल्टीच्या चौकटीत समोर फक्त विश्वा उरला. तेवढ्यात स्टँडमधून शिट्टी आली. पोराचं कॉलेज समोर खेळत असताना, पोरगा स्वतः समोर उभा असताना, आबांनी इंद्रजितसाठी शिट्टी मारली. आणि धावता धावता इंद्रजित हसला.

विश्वाला पुढचं सगळं आठवत होतं. नंतर त्यानं सगळ्यांना सांगितलं की काही आठवत नाही.

इंद्रजितचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी विश्वा दवाखान्यात गेला. जायचं धाडस नव्हतं, पण न जाणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखं होतं. घरी आबा त्याच्याशी बोलायचे बंद झाले होते. पाटीवरची ती लाल अक्षरं त्यांनीही वाचली होती.

खोलीत इंद्रजित पाय उंच टांगून मोसंबी सोलत बसला होता.

“ये की. दारात काय उभा ऱ्हायलाईस पाव्हण्यासारखा?”

“इंद्या, मी मुद्दाम...”

“न्हाई केलंस. माहीत हाय मला.” इंद्रजितनं अर्धी मोसंबी त्याच्या हातात दिली. “मी पडल्या पडल्या इचार करत हुतो. ते मशीन म्हणतंय नजर चेंडूवर नव्हती. कशी असंल? आठव की, आबांनी काय शिकवलंय तुला. इंद्या पायानं फसवतोय, त्याच्या चेंडूकडं बघू नगंस, गुडघ्याकडं बघ. गुडघा खोटं बोलत न्हाई. तू माझ्यासमोर कायम गुडघ्याकडंच बघतोस. बाकीच्यांसमोर चेंडूकडं, माझ्यासमोर गुडघ्याकडं. आता हे त्या मशीनला कसं कळायचं? आपण एकमेकांइरुद्ध खेळल्यालं त्यानं कधी बघितलंच न्हाई.”

हे खरं होतं. तालमीच्या मागच्या जागेत हजार वेळा तो असाच खेळला होता. तिथे कॅमेरा नव्हता. तटस्थकडे विश्वाची सगळ्या जगासमोरची रीत होती, एका इंद्रजितसमोरची तेवढी नव्हती.

“अपील कर,” इंद्रजित म्हणाला. “मी साक्ष देतो.”

विश्वानं मोसंबीची फोड तोंडात टाकली. ती कडू लागली. कारण त्याला चांगलं आठवत होतं, त्या दिवशी त्यानं गुडघ्याकडे बघितलंच नव्हतं. त्यानं बघितलं होतं त्या हसऱ्या तोंडाकडे. ते हसू पुसायचं होतं, बस्स. आणि पाय गेला.

“करतो,” तो म्हणाला.

बाहेर पडताना त्याला वाटायला हवी होती लाज. वाटलीही थोडी. पण तिच्यावर चढून बसला होता दुसराच विचार. किती भाबडा आहे हा! स्वतःचा गुडघा फोडणाऱ्याला वाचवायला पुरावा शोधतो. असं भाबडं असणं याला परवडतं, कारण याला सगळं मिळत आलं आहे. विश्वाला त्याचा त्या भाबडेपणाबद्दलसुद्धा हेवा वाटला.

विद्यापीठाच्या समितीसमोर इंद्रजित कुबड्या घेऊन आला आणि गुडघ्याची गोष्ट अशी काही रंगवून सांगितली की समितीतले दोघं माना डोलवायला लागले. तटस्थचं काम बघणारी इंजिनिअर मृणाल केसरकर मात्र वही बाजूला ठेवून विचारात पडली.

“शक्य आहे,” ती म्हणाली. “माणूस प्रत्येकासमोर सारखा वागत नाही. आपण आईसमोर वेगळे बसतो, साहेबांसमोर वेगळे. तटस्थकडे या जोडीचा एकही नमुना नाही, त्यामुळे त्यानं या मुलाला अनोळखी माणसांच्या मापानं मोजलं. पण नुसत्या सांगण्यावर मी यंत्राचा निकाल फिरवणार नाही. इंद्रजित बरा झाला की दोघांना मैदानावर आणा. तोच हल्ला, तोच बचाव, कॅमेऱ्यांसमोर. मला नमुने द्या. त्यावरून तटस्थ ठरवेल.”

इंद्रजित बरा व्हायला दिवाळी उजाडली. तोवर विश्वा दुकानात प्लायवूड कापत होता. आबा कामापुरतं बोलत. “फूटपट्टी दे.” “खिळं संपल्यात.” इंद्रजित रोज संध्याकाळी गुडघ्याचा व्यायाम करून घरी यायचा, आणि रविवारची नळी अजून त्याच्याच ताटात पडत होती. आता तर त्याला कारणही होतं.

चाचणीच्या सकाळी स्टेडियममध्ये चिटपाखरू नव्हतं. मृणाल पाटीखालच्या टेबलाशी संगणकाचा पडदा लावून बसली होती. दोरीच्या पलीकडे आबा हात मागे बांधून उभे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“सात वेळा करू,” मृणाल म्हणाली. “घाई नको. गुडघा सांभाळून.”

इंद्रजित डावीकडून आला. विश्वानं मान खाली घातली, गुडघ्यावर नजर रोवली. गुडघा आत वळला, म्हणजे चेंडू बाहेर जाणार. विश्वाचा पाय आधीच तिथे होता. चेंडू अलगद सुटला, इंद्रजितला धक्कासुद्धा लागला नाही.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा इंद्रजितनं दोन वेळा फसवून बघितलं, तरी तेच. विश्वाचं अंग मोकळं होत गेलं. किती महिन्यांनी गवतावर पाय पडला होता! सहाव्या वेळी त्यानं घसरत जाऊन चेंडू असा काढून घेतला की मृणालनं टेबलावरून टाळी वाजवली.

“तटस्थ मानायला लागलाय,” ती म्हणाली. “तुमच्या दोघांपुरती वेगळी रीत बनतेय. आणखी एक नमुना द्या, की बंदी उठल्यात जमा.”

आणि तेव्हा दोरीच्या पलीकडून शिट्टी आली.

विश्वानं वळून बघितलं. आबांची दोन बोटं तोंडात होती आणि डोळे त्याच्यावर. इंद्रजितवर नाही, त्याच्यावर. उभ्या आयुष्यात ज्याच्यासाठी तो जळला, ते आज त्याच्या पदरात पडलं होतं.

इंद्रजित चेंडू काखेत मारून जवळ आला. बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि मृणालला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “साही वेळा चेंडू घेतलास. एकदा बी चुकला न्हाईस.”

“मग?”

“मग काय. गुडघ्याकडं बघितलंस की तू चुकतच न्हाईस. लहानपणापासनं कधी चुकला न्हाईस. त्या दिवशी तू गुडघ्याकडं बघितलं नव्हतंस, विश्वा.”

“तुला... कधी कळलं?”

“पडलो तवाच.”

“आणि दवाखान्यात ते सगळं...”

“खोटंच की. मशीनला सांगायचं म्हंजे साऱ्या गावाला सांगायचं. हे तुझ्यामाझ्यातलं हाय.” इंद्रजित उठला, हात झटकले. “चल. एकच ऱ्हायलंय. बंदी उठली की दूध कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजायचंस मला. एवढंच दे.”

तो चेंडू घेऊन पुन्हा लांब गेला.

म्हणजे तो भाबडा नव्हता. सगळं जाणून होता. जाणून खोटं बोलला, जाणून रोज घरी येऊन जेवला, आणि आज जाणून तोच गुडघा घेऊन सहा वेळा अंगावर धावून आला. विश्वाच्या अंगाची लाही लाही झाली. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. पश्चात्ताप नंतर झाला. त्या क्षणी त्याला फक्त एवढंच दिसत होतं, की हा गडी इथेही पुढे निघून गेला. गोलात पुढे, आबांच्या मनात पुढे, आणि आता मोठेपणातही. आजपासून विश्वा खेळेल तो प्रत्येक सामना याच्या मेहेरबानीचा. आबांची ती शिट्टीसुद्धा यानंच दिलेली, नळीच्या जागी उरलेला रस्सा वाढावा तशी.

इंद्रजित निघाला. डावीकडून, तसाच. आणि जवळ येताना हसला.

विश्वानं मान वर केली. गुडघ्याकडे नाही, चेंडूकडे नाही, थेट त्या तोंडाकडे बघितलं. अंगाला ती वाट पाठ होती. खांदा वळला, टेकता पाय फिरला, दुसरा पाय उचलला गेला. लाथ बसायच्या आत त्यानं सगळं अंग मागे ओढलं आणि तो पाठीवर आदळला. इंद्रजित बाजूने निघून गेला आणि त्यानं चेंडू रिकाम्या जाळीत मारला.

“हा बिघडला,” मृणाल म्हणाली. “पाय घसरला का? काढून टाकते, पुन्हा एकदा घ्या.”

“काढू नका, मॅडम.” विश्वा उठून बसला. “फायनलला झालं ते हेच हाय. लावून बघा.”

मृणालनं त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. फायनलच्या वेळी तटस्थला एवढंच कळलं होतं की नजर माणसावर आहे. आता त्याच्याकडे तुलनेला नमुने होते, मान खाली घातलेले सहा आणि मान वर केलेला एक. त्यानं फेब्रुवारीचा सांगाडा उचलून सातव्या नमुन्यावर ठेवला. हनुवटी हनुवटीवर बसली, खांदा खांद्यावर. फक्त लाथ तेवढी कमी होती.

मोठ्या पाटीवर लाल अक्षरं उमटली. निकाल कायम.

आबा दोरीपाशी क्षणभर उभे राहिले. मग पाठ फिरवून फाटकाकडे चालू लागले.

“येडा हाईस का रं?” इंद्रजित जाळीतनं चेंडू न काढताच परत धावत आला होता. पहिल्यांदाच तो खरोखर संतापला होता. “इतकं म्हैनं मी सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोललो, ते ह्येच्यासाठी?”

“तुझ्या खोट्यावर मी खेळायचं, म्हंजे जल्मभर तूच मोठा,” विश्वा म्हणाला. “ते मला जमणार न्हाई. ते सोसण्यापेक्षा बंदी बरी.”

इंद्रजितनं कमरेवर हात ठेवले.

“म्हंजे, आता खरं सांगितलंस ते बी जळूनच?”

“व्हय.”

इंद्रजितनं कपाळावर हात मारला आणि तिथेच गवतावर फतकल मारून बसला. मग हळूहळू त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. तेच हसू. विश्वाला ते आताही सहन होत नव्हतं. पण बऱ्याच महिन्यांनी त्याला श्वास पुरता घेता येत होता.

“मला माफ कर, इंद्या,” तो म्हणाला. हे शब्द तोंडातून निघायला फार जड गेले.

“करतो. लगीच न्हाई. थोडं दिवस जाऊ देत.” इंद्रजितनं हात पुढे केला आणि विश्वानं त्याला ओढून उभं केलं. “दूध मात्र पाजायचंस. बंदी ऱ्हायली म्हणून ते सुटत न्हाई.”

दोघं फाटकाकडे निघाले. इंद्रजित पुढे होता, पाय किंचित जपून टाकत. विश्वा मागून चालत होता, आणि या वेळी तो त्याच्या गुडघ्याकडेच बघत होता.